फूल आणि दोन पानं

गोव्यात आणि तळकोकणात अजूनही देवळात कौल लावतात. गुरव ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर ठरलेल्या जागी चिकटवतो, ज्याचं काम असेल त्याचं गाऱ्हाणं देवापुढे घालतो आणि मग सगळे गप्प बसून पाकळीकडे बघत राहतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काही देवळांत हिशेब थोडा वेगळा असतो, पण तऱ्हा हीच. नवख्या माणसाचं सगळं लक्ष पाकळीवर असतं. जाणता माणूस गाऱ्हाण्याकडे कान देतो. "जमीन विकू का आणि धाकट्याकडे राहायला जाऊ का" असे दोन प्रश्न एका कौलात घातले, तर पाकळी पडूनही पंचाईत होते. होकार कशाला मिळाला, जमीन विकायला की धाकट्याकडे जायला?

सोमवार, १६ जानेवारी १९६७ या दिवशी गोव्यातल्या मतदारांनी जे मतदान केलं, त्याला कायद्यात 'ओपिनियन पोल' म्हटलं होतं. लोकांनी त्याला नाव दिलं जनमत कौल. योगायोग असा की मतपत्रिकेवरही फूल आणि पानंच होती. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असं वाटत असेल तर फुलावर शिक्का, केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा असं वाटत असेल तर दोन पानांवर. उमेदवार कोणी नव्हता. 'मगो'चा, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा सिंहही नव्हता. दमण आणि दीवच्या मतदारांना असाच प्रश्न गुजरातबद्दल विचारला होता.

आधी आकडे मांडतो, कारण या विषयावर भावना भरपूर बोलल्या जातात आणि बेरजा फार थोड्या केल्या जातात. गोव्यात मतदार ३,८८,४३२. मतदान केलं ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे शंभरातल्या जवळजवळ ८२ जणांनी. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. बाद ७,२७२. फरक ३४,०२१ मतांचा. वैध मतांपुरतं बोलायचं तर साडेपंचावन्न विरुद्ध साडेचव्वेचाळीस टक्के.

चौतीस हजार ऐकायला बरे वाटतात. पण अशा दोनच पर्यायांच्या मतदानात एका बाजूचं मत दुसऱ्या बाजूला गेलं की फरक दोनाने घटतो. त्यामुळे १७,०११ माणसांनी त्या दिवशी वेगळा शिक्का मारला असता तर गोवा महाराष्ट्राचा एक जिल्हा झाला असता. त्या काळच्या गोव्यातल्या मोजक्या मोठ्या गावांची वस्ती मिळून होईल एवढीच ही माणसं. आणि घरी राहिलेले मतदार ७०,७९९, म्हणजे फरकाच्या दुपटीहून जास्त. मतदानाच्या आदल्या आठवड्यात शेजारच्या म्हाताऱ्याला उचलून केंद्रापर्यंत नेणारा कार्यकर्ता काय मोलाचा असतो, ते या दोन आकड्यांत दिसतं.

मुळात हा कौल घ्यावा लागला कशाला? १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९६३मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली. विलीनीकरण हाच मगोचा मुख्य मुद्दा होता, त्यांनी बहुमत मिळवलं आणि खाणमालक दयानंद बांदोडकर, म्हणजे भाऊ, मुख्यमंत्री झाले. विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या, डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या. मगोचं म्हणणं सरळ होतं. लोकांनी आम्हाला निवडलं, आमच्या जाहीरनाम्यात विलीनीकरण होतं, तेव्हा लोकांनी विलीनीकरण निवडलं. जानेवारी १९६५मध्ये विधानसभेत तसा ठरावही झाला. त्या ठरावावर दिल्लीने शिक्कामोर्तब केलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

पण गाऱ्हाण्यातला घोळ इथेच होता. १९६३ला मतदाराने सिंहावर शिक्का मारला तेव्हा त्याने एका शिक्क्यात निदान चार गोष्टींना हो म्हटलं होतं. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, वरचष्म्याला कंटाळलेल्या कुळाला आपला माणूस सत्तेवर हवा होता. गावात मराठी शाळा हवी होती. पोर्तुगीज काळातली जुनी प्रतिष्ठित घराणी पुन्हा मानगुटीवर बसायला नको होती. आणि हो, काहींना महाराष्ट्रही हवा होता. या चारांतून चौथी गोष्ट वेगळी काढून मोजायची सोय विधानसभा निवडणुकीत नसते. शिवाय मतदारसंघांची बेरीज आणि माणसांची बेरीज एक येत नाही. जागा जिंकायला त्या मतदारसंघात सर्वांत जास्त मतं पुरतात, निम्म्याहून जास्त लागत नाहीत.

हे दिल्लीला पटवण्यात पुरुषोत्तम काकोडकरांचा वाटा मोठा. गोवा काँग्रेसचे अध्यक्ष, पोर्तुगालच्या तुरुंगात राहून आलेले स्वातंत्र्यसैनिक. (अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकरांचे वडील म्हटलं की महाराष्ट्रातल्या वाचकांना चटकन ओळख पटेल.) त्यांचा आग्रह होता की एवढा निर्णय विधानसभेतल्या हातांवर सोडू नका, थेट लोकांना विचारा. भारताच्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूदच नाही. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार संसदेचा. म्हणून संसदेला यासाठी खास कायदा करावा लागला आणि त्यातला कौलही कायद्याच्या भाषेत फक्त मत अजमावणारा होता. फूल जिंकलं असतं तरी पुढे विलीनीकरणाचं विधेयक संसदेलाच आणावं लागलं असतं. जुनागढला १९४८मध्ये आणि सिक्कीममध्ये १९७५ला मतदान झालं, पण तिथले निकाल इतके एकतर्फी लागले की त्यांत शिकण्यासारखं फारसं सापडत नाही. घराघरात दोन तट पडलेत आणि तरी मतदान सुरळीत झालंय, असं गोव्याचंच.

सुरळीत झालं त्याला कारणं आहेत आणि ती कागदावरची, कंटाळवाणी कारणं आहेत. पहिलं म्हणजे सरकार. मतपेट्या, पोलीस, सरकारी जीप, शाळामास्तर हे सगळं ज्याच्या हातात, तोच एका बाजूचा प्रचारप्रमुख असेल तर हरलेली बाजू निकाल कधीच मानत नाही. विरोधकांनी मागणी केली की आधी मंत्रिमंडळाने राजीनामा द्यावा. ३ डिसेंबर १९६६ला भाऊंनी तो दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. हे पाऊल मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणं वाटतं. पुढे निकाल विरुद्ध गेल्यावर विरोधकांनी सरकारी यंत्रणा वापरली असं म्हणायची सोय मगोला नव्हती, आणि फूल जिंकलं असतं तर पानवाल्यांनाही ती सोय उरली नसती.

दुसरं कारण मतमोजणीचं. मतं मतदारसंघवार मोजली गेली, पण निकाल एकत्र बेरजेवर लागणार होता. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत फुलाचा जोर, साष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात, पानांचा. मतदारसंघनिहाय निकाल धरला असता तर 'आमचे तालुके तुमचे तालुके' असा वाद पुढे कायमचा पेटला असता आणि दिल्लीच्या टेबलावर कोणीतरी गोव्याचे दोन तुकडे करायची सूचनाही केली असती. बंगाल आणि पंजाबच्या फाळण्या होऊन जेमतेम वीस वर्षं झाली होती. नकाशावर रेघ मारायची खोड तेव्हा ताजी होती.

तिसरी गोष्ट मतदारयादी, आणि इथे मात्र जखम राहिली. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गोवेकरांच्या कूडी होत्या. एकेका गावाची एक कूड. बोटीवर नोकरीला जाणारा खलाशी बोटीची वाट बघत तिथे राहायचा, पेटी भिंतीशी, आल्तारावर मेणबत्ती आणि महिन्याचं भाडं अगदी थोडं. कोणी जहाजावर, कोणी हॉटेलात, कोणी बँडमध्ये वाजवणारा. पैसा गावी जायचा, घरही गावी, पण नाव गोव्याच्या यादीत नाही. त्यांना मत द्यावं ही मागणी मान्य झाली नाही. उलट मुक्तीनंतर महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेले आणि गोव्यात राहून यादीत नाव लागलेले कर्मचारी मत देऊ शकत होते. याचा राग तेव्हा फार होता. नियम मात्र साधा होता, की विधानसभेच्या यादीत असेल तो मतदार. मोजणाऱ्या यंत्रणेला तो सोपा पडतो आणि घर सोडून पोट भरायला गेलेल्यावर अन्याय करतो.

हे दुखणं गोव्यापुरतं नाही. २३ जून २०१६ला ब्रिटनमध्ये युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर मतदान झालं तेव्हा पंधरा वर्षांहून जास्त काळ परदेशी राहिलेल्या ब्रिटिश नागरिकांना मत नव्हतं. लंडनमध्ये पंचवीस वर्षं दुकान चालवणाऱ्या फ्रेंच माणसालाही नव्हतं. पण राष्ट्रकुलातल्या देशांचे, ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारे नागरिक मत देऊ शकत होते. म्हणजे पुण्याहून तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी गेलेला आणि भारताचाच पासपोर्ट असलेला आपला एखादा जोशी किंवा पाटील यादीत नाव घालून मत देऊन आला असेल. यादी हाच निम्मा निकाल असतो, आणि प्रचार तापल्यावर यादीकडे बघायला कोणाला वेळ नसतो.

आता मतदाराच्या डोक्यात काय चाललं होतं त्याकडे येऊ, कारण महाराष्ट्रात या निकालाचा एक सोपा अर्थ अजूनही ऐकू येतो. ख्रिस्ती मतं एकगठ्ठा विरोधात गेली आणि विलीनीकरण हुकलं, असा. हिशेब करून बघा. त्या वेळी गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या आत होती. त्यांतल्या एकूण एक मताने दोन पानं निवडली असं धरलं, जे कुठल्याच समाजात होत नाही, तरी साडेपंचावन्न टक्क्यांपर्यंत पोचायला पंधरा टक्क्यांहून जास्त मतं आणखी लागतात. ती मुख्यतः हिंदू मतदारांची होती. त्यांच्या देवळात आरती मराठीत, जत्रेत नाटक मराठीत, पोथी मराठीत आणि रोजचं वर्तमानपत्रही मराठीत.

त्या वर्तमानपत्राची गंमत अशी की विलीनीकरणाच्या बाजूचा मोठा आवाज 'गोमन्तक' मराठी, संपादक बा. द. सातोसकर, आणि विरोधातला मोठा आवाज मडगावचं 'राष्ट्रमत', तेही मराठीच. संपादक चंद्रकांत केणी. त्यातलं उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर वाचायला लोक पेपरची वाट बघत. महाराष्ट्रात जाऊ नका हे गोव्यातल्या हिंदू वाचकाला ज्या भाषेतून पटवलं गेलं, ती भाषा मराठी. कोंकणीत पटवायची इच्छा कितीही असली तरी वर्तमानपत्र वाचायची सवय त्या वाचकाला मराठीचीच होती. गावोगावच्या सभांत मात्र उल्हास बुयांव यांचं कलापथक कोंकणी गाणी म्हणत फिरत होतं. वाचून पटलेलं मराठी होतं आणि ऐकून अंगावर आलेलं कोंकणी.

याला दुटप्पीपणा म्हणणारे तेव्हाही होते. कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर दोन्हीकडचे विद्वान हमरीतुमरीवर आले होते. मतदाराला त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज वाटली नाही, कारण त्याच्यापुढे दुसरेच प्रश्न होते आणि ते भाषेपेक्षा जास्त घरगुती होते.

पहिला म्हणजे जिल्हा. ३,७०२ चौरस किलोमीटरचा आणि तेव्हाच्या जनगणनेप्रमाणे सहा लाखांच्या आतल्या वस्तीचा प्रदेश महाराष्ट्रात गेला तर एक जिल्हा होणार. म्हणजे पणजीतली विधानसभा जाणार, मंत्री जाणार आणि वर जिल्हाधिकारी बसणार. आज फोंड्याचा माणूस सकाळी निघून मंत्र्याच्या दारात उभा राहतो आणि संध्याकाळी घरी जेवायला असतो. मुंबईच्या सचिवालयात जायचं तर बोट नाहीतर लोंढ्यामार्गे रेल्वे. कोकण रेल्वे यायला अजून तीस वर्षं होती. जाण्यायेण्यातच चार दिवस, शिवाय मुंबईत राहायची सोय. तीस आमदारांच्या सभागृहात आपला आमदार सरकार पाडू शकतो, पावणेतीनशेच्या सभागृहात त्याला कोण विचारतो, हे समजायला राज्यशास्त्र शिकावं लागत नाही.

दुसरा प्रश्न नोकरीचा. शाळा झपाट्याने उघडत होत्या, मुलं मॅट्रिक होत होती, आणि कचेरीतली खुर्ची प्रतिनियुक्तीवर आलेल्याकडे दिसत होती. महाराष्ट्र झाल्यावर बदली होऊन येणारे वाढणार की कमी होणार, याचा अंदाज ज्याने त्याने केला.

तिसरा दारूबंदीचा, आणि या मुद्द्याला हसणाऱ्यांना गोव्याचं अर्थकारण कळलेलं नाही. मुंबई राज्याचा १९४९चा दारूबंदी कायदा महाराष्ट्राने चालवला होता. गोव्यात माडाची सूर, म्हणजे रस, काढणारा रेंदेर दिवसातून दोन-तीनदा माडावर चढतो. पोयीला, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याला, कोयत्याने पातळ काप देतो, खाली मडकं बांधतो, भरलेलं उतरवतो. ती सूर पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, जाते आणि पाव त्यावर फुगतो. तीच आंबवून व्हिनेगर, जे प्रत्येक ख्रिस्ती स्वयंपाकघरात लागतं. तीच आटवून माडाचा गूळ, तो हिंदूंच्या पातोळ्यांत. आणि तीच गाळून माडाची फेणी. एक परमिटचा कायदा आला की यांतलं शेवटचं बंद होतं आणि मग पहिल्या तिघांसाठी माडावर चढणं रेंदेराला परवडत नाही. सभेत "महाराष्ट्र आला तर रेंदेराचं काय?" असं कोणी विचारलं की पोदेर, माडाचा मालक आणि माडाच्या गुळावर जगणारी बाई, तिघंही कान टवकारत. मुद्दा दारूचा वाटे, पण तो एका झाडावर उभ्या असलेल्या चार धंद्यांचा होता.

फुलाच्या बाजूलाही असाच पोटाचा प्रश्न होता आणि तो हलका नव्हता. मुंबई राज्यातला कूळकायदा १९४८चा, कृषक दिन १ एप्रिल १९५७चा. कसणाऱ्याच्या नावावर जमीन होते, हे पलीकडच्या सावंतवाडीतल्या सोयऱ्याकडे गोव्यातल्या कुळाला दिसत होतं. इकडे मुंडकार भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहतो आणि त्याने "ऊठ" म्हटलं की उठतो. सातबारा आपल्या नावावर करायचा सर्वांत जवळचा रस्ता पत्रादेवीच्या सीमानाक्यापलीकडून, महाराष्ट्रातून, येतो, असं त्या माणसाला वाटलं तर त्याला भाबडा कसं म्हणायचं? सव्वा लाखाहून जास्त लोकांनी फुलावर शिक्का मारला. त्यातल्या पुष्कळांच्या मनात महाराष्ट्र हा नकाशा नव्हता, ते कूळकायद्याचं दुसरं नाव होतं.

मग निकाल लागला. फटाके वाजले, मिरवणुका निघाल्या, आणि मतदानापासून एकाहत्तर दिवसांत जे झालं त्याकडे महाराष्ट्रात तर सोडाच, गोव्यातही पुरेसं लक्ष दिलं जात नाही.

२८ मार्च १९६७ला विधानसभा निवडणूक झाली. तेच मतदार, तीच गावं, बहुतेक तीच मतदानकेंद्रं. मगोला १६ जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सला पुन्हा १२. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भाऊ परत मुख्यमंत्री झाले. ज्या माणसाचा एकुलता एक मोठा कार्यक्रम लोकांनी जानेवारीत फेटाळला, त्यालाच मार्चअखेर राज्य चालवायला दिलं. ज्या पक्षाने कौल जिंकला तो त्यानंतर कधीच सत्तेवर आला नाही आणि दहा वर्षांत संपलाही.

चंचल मतदार म्हणावं तर मतदान दोन्ही वेळा भरभरून झालं. मला हे मतदाराने कौलातला घोळ स्वतः सोडवलेला दिसतो. १९६३ला चार गोष्टी एका शिक्क्यात कोंबल्या होत्या. जानेवारीत त्यांतली एक वेगळी काढून विचारली, तिला नाही म्हटलं. मार्चमध्ये उरलेल्या तिघींबद्दल विचारलं, त्यांना पुन्हा हो म्हटलं. भाऊंनीही ते तसंच घेतलं असावं. मराठी शाळा निघत राहिल्या, पक्षाच्या नावातला 'महाराष्ट्रवादी' हा शब्द राहिला आणि विलीनीकरणाचा विषय मागे पडत गेला. भाऊ १९७३ला गेले, त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७५ला मुंडकार कायदा आला आणि १९७६ला कूळकायद्यात दुरुस्ती होऊन कसणाऱ्याची मालकी आली, दोन्ही याच मगोच्या राजवटीत. फुलावर शिक्का मारणाऱ्या कुळाला जे हवं होतं ते महाराष्ट्रात न जाता, नऊ-दहा वर्षं उशिरा, त्याच्याच पक्षाच्या हातून मिळालं. १९७६मध्ये विधानसभेने घटक राज्याच्या दर्जाची मागणी एकमताने केली, तेव्हा विलीनीकरणवाल्यांचेही हात वर होते.

मतपत्रिकेवर हा तिसरा पर्याय १९६७ला नव्हताच. स्वतंत्र राज्य हवं असणाऱ्याने काय करायचं? त्याने दोन पानं निवडली आणि केंद्राच्या नोकरशाहीखाली आणखी वीस वर्षं काढली. घटक राज्य झालं ३० मे १९८७ला. दोनच पर्याय दिले की मोजणी स्वच्छ होते, हे खरं. पण ज्याला दोन्ही नको असतात तो त्यातल्या त्यात कमी वाईट उचलतो, आणि मग जिंकलेले म्हणतात की त्याला हेच हवं होतं. ब्रिटनमध्ये तर 'बाहेर पडा' म्हणजे नेमकं कुठे जा, हे मतपत्रिकेवर नव्हतंच. ५१.९ टक्के विरुद्ध ४८.१ असा निकाल लागल्यावर बाहेर पडायला जानेवारी २०२० उजाडला आणि मधल्या काळात दोन पंतप्रधान गेले. त्यामानाने गोव्याच्या प्रश्नातला एक पर्याय, आहे तसं राहू द्या, सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होता. तो जिंकल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच बदलायचं नव्हतं. हे नशीबही होतं. फूल सतरा हजार मतांच्या हेलकाव्याने जिंकलं असतं तर इतकं शांत राहिलं असतं का, याबद्दल मला शंका आहे.

शांत राहिलं म्हणजे भांडण मिटलं असंही नाही. ते भाषेकडे वळलं. साहित्य अकादमीने १९७५ला कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, आणि १९८५-८६मध्ये राजभाषेसाठी रस्त्यावर आंदोलन झालं. त्यात रक्त सांडलं, माणसं गेली. कौलाच्या वेळी जे झालं नव्हतं ते वीस वर्षांनी झालं. ४ फेब्रुवारी १९८७ला विधानसभेने राजभाषा विधेयक मंजूर केलं. देवनागरीतली कोंकणी राजभाषा, आणि सरकारी कामात मराठीही वापरता येईल. या एका 'ही'वर दोन्हीकडचे अजून नाराज आहेत. मराठीवाल्यांना तो 'ही' उपकार वाटतो, कोंकणीवाल्यांना पाचर. आणि तिसरा एक नाराज आहे ज्याचं नाव फारसं घेतलं जात नाही. साष्टीतला, बार्देशातला ख्रिस्ती गोंयकार, जो रोमी, म्हणजे रोमन लिपीत प्रार्थना वाचतो, रोमीतच तियात्राची, म्हणजे कोंकणी नाटकाची, जाहिरात वाचतो. दोन पानांच्या ढिगात सर्वांत मोठा वाटा त्याचा. कायद्यात कोंकणीची व्याख्या आली तेव्हा त्याची लिपी बाहेर राहिली.

बेळगावचे लोक गोव्याच्या कौलाबद्दल एकच प्रश्न विचारतात, आणि तो बिनतोड आहे. त्यांना विचारलं आम्हाला का नाही? गोव्याचा कायदा संसदेत येत होता त्याच सुमारास, ऑक्टोबर १९६६मध्ये, बेळगावसाठी महाजन आयोग नेमला गेला. १९६७ला अहवाल आला, महाराष्ट्राने नाकारला आणि २००४पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. एकाच सीमेवर शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात, एकाच वर्षात, एका गावाला मतपेटी मिळाली आणि दुसऱ्याला आयोग. मतपेटीवाल्यांचा वाद निदान पुढच्या वादाकडे सरकला. अर्थात गोव्यात मतपेटी मिळाल्याचं कौतुक करणाऱ्या महाराष्ट्रातल्या नेत्यांना ती मिळण्याआधी गोव्याच्या विधानसभेचा ठराव पुरेसा वाटत होता, हेही विसरायला नको.

आज १६ जानेवारी गोव्यात अस्मिताय दीस म्हणून पाळला जातो. भाषणं कोंकणीत होतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांची बातमी पुष्कळ घरांत मराठी दैनिकात वाचली जाते. मिरामारच्या किनाऱ्यावर भाऊंची समाधी आहे, तिथेही फुलं वाहणारे असतात, आणि त्यांतले काही सकाळी अस्मिताय दिसाच्या कार्यक्रमालाही जाऊन आलेले असतात. त्यात त्यांना काही अडचण वाटत नाही.

लग्नसराई सुरू झाली की पेडण्यापासून काणकोणापर्यंत पत्रिका छापून येतात. हळदीकुंकवाची बोटं लावलेल्या, वर कुलदेवतेचं नाव, खाली 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' अशी शुद्ध मराठी. यजमान ती घेऊन दारात येतो, नारळ आणि अक्षता हातात देतो, चहाला बसत नाही कारण अजून वीस घरं करायची असतात. निघताना चपला सरकवत म्हणतो, "लग्नाक येवंक जाय हां."